'माहितीये' म्हणणारे काका खोटं बोलले का?

प्रश्न असा आलाय की सदाशिव पेठेतले एक काका एकदम छातीठोकपणे म्हणाले "चितळे दुपारी १ ते ४ बंद असतात, मला माहितीये", विचारणाऱ्या ताई ४ वाजेपर्यंत उन्हात ताटकळल्या आणि मग कळलं की दुकान २०१७ पासून दुपारीही उघडं असतं. तर काका खोटं बोलले म्हणायचं का, आणि जाता जाता, माहीत बरोबर का माहिती?

खोटं नाही हो. खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं, ते काकांना कुठे होतं! चुकीचं बोलले एवढंच.

पण खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. माहीत हे विशेषण, माहिती हे नाम, बोलताना आपण सर्रास 'मला माहितीये' म्हणतो, मीही म्हणतो आणि त्यावरून कुणाला टोकत बसू नये असं माझं मत. इथे मात्र तो फरक कामाला येतो. माहिती चुकीची असते, जुनी असते, ऐकीव असते. माहीत असणं तसं नसतं. "काकांना माहीत होतं की दुकान बंद असतं" हे आत्ता म्हणून बघा, जीभ अडते, आपोआप "काकांना वाटत होतं" नाहीतर "काकांची समजूत होती" असंच येतं. म्हणजे स्वतःबद्दल 'माहितीये' कुणीही ठोकून देतं पण दुसऱ्याबद्दल सांगताना गोष्ट खरी असल्याशिवाय तो शब्द चालत नाही. ठाऊकचंही तेच.

आता काकांना सोडायचं का? २०१६ ला अमेरिकेत गेलेला कुणी असं म्हणाला असता तर मी म्हटलं असतं, जाऊदे, त्याला काय कल्पना. पण पेठेत राहून रोज बाजीराव रोडने, चितळेंच्या दुकानासमोरून, मंडईत जाणाऱ्याला अज्ञानाची सबब कशी चालेल (सबब हा मूळ अरबी शब्द, कारण पण आणि बहाणा पण, आणि सरकारी कागदात तर चक्क 'म्हणून'). सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहितात ना, अज्ञान पालनकर्ता, तिथला अज्ञान म्हणजे १८ च्या आतला, काका त्यातही बसत नाहीत.

नुसतं "बहुतेक बंद असेल" म्हणाले असते तर मी त्यांच्या बाजूने भांडलो असतो.