संगमरवरातला धावता क्षण

प्रश्न : मायकेलअँजेलोचा डेव्हिड शांत उभा दिसतो, सतराव्या शतकातला इटालियन शिल्पकार बर्निनी याची शिल्पे पाहताना मात्र डोळ्यांसमोर काहीतरी घडते आहे असे वाटते. दगडात हे नाट्य कसे येते?

उत्तर : फरक मुख्यतः क्षणाच्या निवडीत आहे. मायकेलअँजेलोचा १५०४ मध्ये पूर्ण झालेला डेव्हिड शत्रूला न्याहाळतो. बर्निनीचा १६२३-२४ मधला डेव्हिड ओठ आवळून, कमरेत पिळवटून, गोफण सोडण्याच्या ऐन बेतात आहे, आणि बायबलच्या कथेत त्याने गोफणीने पाडलेला महाकाय योद्धा गोलायथ शिल्पात नसल्यामुळे तो आपल्याच पाठीमागे उभा असावा असा भास होतो.

माझ्या मते याहून सरस शिल्प म्हणजे रोमच्या बोर्गेझे संग्रहालयातलेच ‘अपोलो आणि डॅफ्नी’ (१६२२-२५). ग्रीक पुराणकथेत अपोलो देव पाठलाग करत असताना त्याच्यापासून सुटण्यासाठी अप्सरा डॅफ्नी झाड होते, तोच हा क्षण. अपोलोचा हात डॅफ्नीच्या कमरेपर्यंत पोहोचतो, पण हाताखाली लागते ती झाडाची साल. तिच्या बोटांना पाने फुटत आहेत, पायाच्या बोटांची मुळे होत आहेत आणि तोंड किंकाळीसाठी उघडे राहिले आहे. पाने तर इतकी पातळ कोरली आहेत की त्यांतून उजेड झिरपतो. हे नाजूक काम बरेचसे बर्निनीचा सहायक जुलियानो फिनेल्ली याच्या हातचे, आणि त्याचे नाव क्वचितच घेतले जाते याची मला मनापासून खंत वाटते.

मूळ मांडणीत दालनात शिरणाऱ्याला आधी धावत्या अपोलोची पाठ दिसे. डॅफ्नीचे झाड होणे पुढे चालत गेल्यावरच उलगडे. प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला, तर आपणही मागूनच सुरुवात करावी.