वाचकांचे प्रश्न : मिनिटाला किती बाटल्या, हे नंतर विचारा

प्रश्न : ताई, आम्ही सातजणी मिळून आवळ्याचं तेल, कोरफडीचं जेल, क्रीम आणि गुलाबपाण्याचा टोनर बनवतो. एका वेळी प्रत्येकी दीडशे-दोनशे नग. तेल नरसाळ्यानं भरतो, क्रीम चमच्यानं. आता मशीन घ्यायचंय. विक्रेता म्हणतो, मिनिटाला चाळीस बाटल्यांचं ऑटोमॅटिक घ्या, सगळा माल त्यावर चालेल. घ्यावं का?
– एक भगिनी, कराड

उत्तर : नका घेऊ. आधी तुमचा एक दिवस कागदावर मांडा. दोनशे बाटल्या मिनिटाला दहाच्या वेगानं भरल्या, तरी वीस मिनिटांत काम संपतं. त्यानंतर हॉपर (माल ओतायचं भांडं), सिलिंडर (माप घेणारी नळी), पाइप, नोझल (माल बाहेर सोडणारी तोटी) उघडायचं, धुवायचं, सुकवायचं, पुन्हा जोडायचं आणि नवं माप बसवायचं. माझ्याकडे याला पाऊण तास जातो. चारही माल एकाच दिवशी घेतले, तर भरण्यात दीड तासही जात नाही आणि धुण्यात तीन तास जातात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा : मशीन पान्याशिवाय उघडतं का? नुसतं ‘हो’ ऐकून घेऊ नका. तुमच्यापैकी एकीला त्याच्यासमोर ते उघडून परत जोडायला लावा.

हे मी नुकसान सोसून शिकले. शिरोलीत युनिट सुरू केलं, त्या वर्षी सकाळी कांद्याचं केशतेल भरलं आणि दुपारी त्याच मशीनवर गुलाबाचं क्रीम. मध्ये गरम पाणी आणि साबणानं सगळं धुतलं होतं. दुसऱ्या दिवशी लेबल लावताना एक डबी उघडली, तर गुलाबाच्या मागून कांदा! पिस्टन, म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या, बाहेर काढला. रबरी रिंग केसाच्या पिनेनं उचकटली, तर खाचेत तेलाचा पिवळा थर तसाच बसलेला. रिंग धुतली, वाळवली, तरी वास गेला नाही. एकशे चाळीस डब्या रिकाम्या केल्या. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक मालाचा रिंगांचा वेगळा संच असतो, नाव लिहिलेल्या छोट्या डबीत. रिंग कशाची आहे तेही विचाराच. साधं रबर तेलात फुगतं, आणि सिलिकॉनची रिंग सिलिकॉन तेलाच्या सिरममध्ये फुगते. तेलासाठी व्हायटॉन (तेलात टिकणारं रबर) किंवा टेफ्लॉन मागा. मशीनच्या ज्या भागांना माल लागतो, ते 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत.

तुमच्यासाठी मला एका नोझलचं, पायपेडलवर चालणारं, हवेच्या दाबाचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्टन मशीन योग्य वाटतं. मात्र त्याला दोन सिलिंडर घ्या, एक लहान, एक मोठा. शंभर मिलीच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या मिलीची चूक झाली, तर 100 मिलीच्या बाटलीत ती अर्धा टक्का असते. त्याच सिलिंडरनं 10 मिलीची बाटली भरली, की तीच चूक पाच टक्के होते. कॉम्प्रेसर (दाबाची हवा देणारं यंत्र) किमतीत धरलाय की वेगळा, हेही आधी विचारून घ्या. टोनर पाण्यासारखा असल्यानं साध्या नोझलमधून ठिबकत राहतो, त्यासाठी न ठिबकणारं नोझल लागेल. पुढे सिरम, अत्तरं वाढली, तर पेरिस्टाल्टिक पंपाचा, म्हणजे नळी दाबत माल पुढे ढकलणाऱ्या पंपाचा, विचार करा. त्यात माल फक्त नळीतून जातो. नळी बदलली की झालं, धुणं जवळजवळ नाहीच.

पैसे देण्याआधी तुमचंच पाच किलो क्रीम आणि तुमच्याच डब्या घेऊन विक्रेत्याकडे जा. पाण्यावर सगळीच मशीनं सुरेख चालतात! वीस डब्या भरा, रिकाम्या डबीचं वजन वजा करून प्रत्येकीचं वजन लिहा. क्रीममध्ये हवा अडकली असेल, तर डबी भरलेली दिसते आणि वजन कमी येतं. शेवटी हॉपरमध्ये किती क्रीम उरलं तेही मोजा. दहा किलोच्या एका घाण्यात अर्धा किलो भांड्यालाच चिकटलं, तर नफ्याचं काय राहिलं?

तेल वजनावर तपासताना गल्लत करू नका. 100 मिली तेल साधारण 91-92 ग्रॅम भरतं, 100 ग्रॅम नाही. वजनमापाच्या नियमांत 100 मिलीच्या एखाद्या बाटलीत साडेचार मिलीपर्यंत तूट चालते, पण सरासरी छापलेल्या मापाखाली जाऊन चालत नाही. मी दर वीस बाटल्यांमागे एक काट्यावर ठेवते. तुमच्या तेलाला खोबरेल असेल, तर थंडीत जपा. ते 24 अंशांच्या आसपास गोठायला लागतं, हॉपरच्या तळाशी घट्ट होतं आणि माप कमी पडत जातं. डिसेंबरात मी तेल कोमट करून, दुपारीच भरायला घेते.

प्रश्न : शॅम्पू भरताना फेस बाटलीबाहेर येतो. मशीन बदलावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नोझल बदलून पाहा. लांब नोझल घ्या, ते बाटलीच्या तळापर्यंत जाऊ द्या आणि शॅम्पू चढेल तसं वर उचला. वरून धार पडली की फेस होणारच. वेग कमी करा. आणि घोटलेला शॅम्पू त्याच दिवशी भरू नका, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचा फेस बसलेला दिसला की मगच हॉपरमध्ये ओता.