बांधावरची माती, उसातली माती आणि एम.एस्सी.चा निर्णय

पुण्यात एस.वाय.बी.एस्सी. बॉटनी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं पत्र आहे: ‘दौंडला आमचा ऊस आहे. रानात ढेकळं, पण बांधावर गवत, तरवड, टाकळा असं सगळं उगवतं, तिथली माती भुसभुशीत. जास्त प्रकारच्या वनस्पतींमुळे माती सुधारते का, यावरच काम करायचंय. एम.एस्सी. कशात करू? आणि बाबा विचारतात, यात नोकरी आहे का?’

तुझं निरीक्षण मला फार आवडलं. पण बांध नांगरला जात नाही, त्याला पाटाचं पाणी नाही, खत नाही. मग माती कशामुळे सुधारली, हे नुसतं बघून कसं ठरवणार? अमेरिकेत सीडर क्रीकला १९९४ मध्ये आणि जर्मनीत येनाला २००२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगांनी नेमका हाच पेच सोडवला. जमीन तीच, मशागत सारखी, वाफ्यागणिक बदलली ती वनस्पतींच्या प्रकारांची संख्या: सीडर क्रीकला १ ते १६, येनाला १ ते ६०. प्रकार वाढले तसे मातीतले सूक्ष्मजीव आणि सेंद्रिय कर्बही वाढले. मात्र सूक्ष्मजीवांमधला फरक स्पष्ट दिसायला काही वर्षं जावी लागली.

कारण मुळांशी आहे. प्रत्येक वनस्पती मुळांवाटे वेगळी साखर, वेगळी आम्लं सोडते, त्यावर वेगवेगळे जिवाणू आणि बुरशी पोसतात. खोल आणि उथळ मुळं एकत्र असली की नत्र पाण्याबरोबर वाहून जाण्याआधी उचललं जातं. द्विदल म्हणजे कडधान्याच्या कुळातली वनस्पती असेल तर त्यात भर. हुलग्याच्या मुळावरची गाठ नखाने फोडून बघ. आत गुलाबी दिसली, तर रायझोबियम हा जिवाणू हवेतलं नत्र बांधतोय.

म्हणून माझं स्पष्ट मत: एम.एस्सी. बॉटनी, बायोडायव्हर्सिटी किंवा पर्यावरणशास्त्रात कर, प्रोजेक्ट मात्र मातीतल्या सूक्ष्मजीवांवर घे. मायक्रोबायोलॉजीला आणि कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्राला साधारणपणे त्याच शाखेची पदवी मागतात, पात्रता आधी तपास. संख्याशास्त्र आणि आकडेमोडीची ‘आर’ ही संगणकभाषा आत्तापासून शिक. वाफे मांडणं आणि आकडे वाचणं ज्याला जमत नाही, त्याचं या विषयात अडतं.

बाबांना सांग, लगेच पगाराची हमी नाही. माती परीक्षण प्रयोगशाळा, जैविक खतांच्या कंपन्या आणि शेतीत काम करणाऱ्या संस्था इथे कामं मिळतात, पण सुरुवात छोट्या पगारावर होते. संशोधनात जायचं तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पुण्यातच आघारकर संशोधन संस्था, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे उन्हाळी प्रोजेक्टसाठी विचार.

तोवर बाबांकडून रानाचा एक कोपरा मागून घे. एका वाफ्यात फक्त ज्वारी, एकात फक्त हुलगा, एकात दोन्ही, आणि असे तीन-तीन संच. पीक निघालं की प्रत्येक वाफ्यातलं वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोड. कुठलं लगेच विरघळतं, कुठलं टिकतं, ते वहीत तारखेसह लिही.