एमडी किंवा कोकेन घेतल्यावर मेंदू खरंच जास्त वेगाने चालतो का?

तुमचा मित्र म्हणतो की एमडी (मेफेड्रोन नावाचं नशेचं द्रव्य) घेतली की रात्रभर डोकं 'शार्प' चालतं. मेंदूची ताकद खरंच वाढते का, असं तुम्ही विचारलंय. तो 'शार्प' शब्द वाचला आणि राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ अगदी हाच शब्द वापरायचा.

आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. तो मालाडला नाइट शिफ्ट करायचा. एकदा रात्री तीनला जाग आली, तर साहेब पोटमाळ्यावर दिवा लावून मिक्सर उघडून बसलेले. पेपरवर सगळे स्क्रू लहान-मोठे असे ओळीने मांडलेले, मोटर बाजूला. टी-शर्ट घामाने चिंब, जबडा सारखा डावीकडे-उजवीकडे सरकतोय. "काय रे?" तर म्हणे, "दादा, आवाज करत होता, साफ करतोय." मिक्सरला काहीही झालं नव्हतं. पहाटेपर्यंत त्याने तो चार वेळा जोडला आणि चार वेळा खोलला. याला 'पंडिंग' म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. स्वीडनमध्ये अँफेटामिन (मेंदूला उत्तेजित करणारं नशेचं द्रव्य) घेणाऱ्यांच्या बोलीतला शब्द, १९७० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेला. त्यात एकच निरर्थक काम तासन्‌तास चालतं आणि करणाऱ्याला ते जगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मित्राचं शार्प डोकं ते हेच.

आमचे मोठे काका तेव्हा म्हणायचे, "पोरगा दोन दिवस न जेवता काम करतो, गुणी आहे!"

आता तुमचा प्रश्न. डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते एक रसायन, हुरूप आणि मजेशी जोडलेलं. कोकेन ते परत पेशीच्या आत घेणारं दार अडवतं. अँफेटामिनच्या जातीतली द्रव्यं तर आतला साठाच बाहेर ढकलतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, त्याच गोतावळ्यातली, वर सेरोटोनिन या तशाच दुसऱ्या रसायनालाही हात घालते. म्हणून आपण भारी आहोत असं वाटतं. पण १९९० मध्ये अमेरिकेत व्यसनी लोकांना कोकेन टोचून मेंदूचं पेट स्कॅन (कुठला भाग किती साखर जाळतो, म्हणजे किती काम करतो, ते दाखवणारी तपासणी) केलं, तेव्हा स्वारी मजेत असताना मेंदूचा ग्लुकोजचा वापर वाढलेला नव्हता, घटलेला होता. पुढे व्यसनावर संशोधन करणाऱ्या नोरा व्होल्कोव्ह यांच्या गटाने मेथ (अँफेटामिनचंच भावंड) सोडलेल्यांना तपासलं. काही भागांत वापर नेहमीपेक्षा जास्त, तर थॅलॅमस आणि स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागांत कमी. साधारण सव्वा वर्ष लांब राहिलेल्यांचा थॅलॅमस बराच सावरला, स्ट्रायटम मागेच राहिला. उत्साह आणि इच्छा जिथून येते तोच हा भाग.

हे वाचलं तेव्हा भावाचे पुढचे महिने समजले. आधी संशय. शेजारच्या मावशी पहाटे नळाला पाणी येतं म्हणून उठायच्या, तर हा म्हणे त्या दाराला कान लावून उभ्या असतात. त्याने दाराच्या फटीत कापडं कोंबली. मग सोळा-सोळा तास झोप. आणि एमडी सुटल्यावर कशातच राम नाही. समोर वडापाव ठेवला तरी तो तसाच गार व्हायचा, मॅच लावली तरी हा भिंतीकडे बघत बसायचा. घरातल्यांना वाटलं आळशी झालाय. काकांनी फर्मान काढलं, गावी न्या, देवाला गाऱ्हाणं घाला आणि दोनाचे चार हात करून टाका, सुधारेल.

मी लग्नाला आडवा आलो आणि त्यावरून काकांचं आणि माझं दीड वर्ष बोलणं बंद होतं. आजही सांगतो, ज्याला वडापाव गोड लागत नाही त्याच्या गळ्यात कुणाची पोर बांधू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. पोलिसांची भीती वाटत असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ वाचा, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात संरक्षण आहे, अटी आहेत पण आहे. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

आणि हो, मी डॉक्टर नाही. वरची स्कॅन कोकेन आणि मेथची आहेत, एमडीची नव्हेत. एडीएचडीसाठी (लक्ष न लागण्याच्या विकारासाठी) डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्या हा वेगळा विषय, त्या घाबरून बंद करू नका. छाती दुखली किंवा अंग तापून बरळायला लागला तर हे असलं काही वाचत न बसता थेट कॅज्युअल्टी गाठा.

भाऊ आता बरा आहे, कामाला जातो. काका सांगत फिरतात की गाऱ्हाण्याने गुण आला. येवो बापडा. पण गाऱ्हाणं झालं त्याच्या आधी अकरा महिने मी दर शनिवारी त्याला घेऊन ओपीडीच्या रांगेत उभा होतो, आणि काका एकदाही मुंबईत फिरकले नव्हते.