गाईच्या भ्रूणाच्या कल्चर मिडियममध्ये हायलुरॉनिक आम्ल घालावं का?

तुम्ही विचारलंय की पुण्याजवळच्या तुमच्या गीर गाईंच्या आयव्हीएफ लॅबमध्ये मिडियममध्ये, म्हणजे भ्रूण ज्या द्रवात वाढवतात त्यात, हायलुरॉनिक आम्ल (लांब साखळीची एक शर्करा) घातलं तर फायदा होईल का, आणि किती घालायचं.

फायदा होऊ शकतो, पण आधी बाटलीवरचा रेणुभार, म्हणजे साखळी किती लांब आहे ते, वाचा. गाईच्या बीजवाहिनीत आणि गर्भाशयाच्या स्रावात हे आम्ल मुळातच असतं. भ्रूणाच्या पेशींवर ते धरणारा सीडी४४ रिसेप्टर (पकडणारं प्रथिन) ही असतो. या आम्लाच्या लांब साखळ्या पाणी धरून ठेवतात. हायलुरोनिडेज-२ हे एन्झाइम त्यांचे तुकडे करतं, आणि त्या लहान तुकड्यांचा पेशींवर होणारा परिणाम लांब साखळीपेक्षा वेगळा असतो. म्हणूनच नुसतं 'एक मिलिग्रॅम घातलं' या नोंदीला अर्थ नाही. रेणुभार आणि लॉट नंबरही लिहा.

संशोधनात मिलिलिटरला ६ मिलिग्रॅमपर्यंत वापरलेलं आहे, पण तेवढ्याने मिडियम घट्ट होतं आणि भ्रूण पिपेटमध्ये घेताना त्रास होतो. सुरुवात ०.५ ते १ मिलिग्रॅमने करा. घालायचं ते फलनानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मिडियम बदलताना. गाईच्या भ्रूणाचे स्वतःचे जीन्स ८ ते १६ पेशींच्या टप्प्यावर जोमाने चालू होतात आणि शरीरात तो साधारण त्याच सुमारास गर्भाशयात उतरतो. मिडियममधलं अल्ब्युमिन (प्रथिन) मात्र त्याच वेळी काढू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

पावडर मिडियमवर थोडी थोडी भुरभुरून ४ अंशांवर रात्रभर फुगू द्या. घाईने ढवळलं की गुठळ्या होतात. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणं) अजिबात नको, उष्णतेने साखळ्या तुटतात. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लवकर चोंदतो, त्यामुळे निर्जंतुक आणि कमी एंडोटॉक्सिनची (जीवाणूंच्या विषाची) पावडरच घेतलेली बरी.

सगळ्यात जास्त घोळ क्युम्युलस, म्हणजे बीजांडाभोवतीच्या पेशी, काढताना होतो. त्यासाठी हायलुरोनिडेज वापरलं असेल तर भ्रूण तीन-चार थेंबांतून नीट धुवा. ते एन्झाइम मागे राहिलं तर तुम्ही घातलेलं आम्लच खाऊन टाकतं.

महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्यामुळे बीजांडं ओपीयूनेच (जिवंत गाईच्या अंडाशयातून सुईने काढून) मिळतात, म्हणजे संख्या मोजकी. म्हणून एकाच वळूच्या वीर्याने फलित झालेले, त्याच दिवशीचे भ्रूण दोन गटांत वाटा, एक आम्ल घातलेला, एक न घातलेला. सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी तयार झालेले भ्रूण) मोजाच, पण तिथे फरक दिसला नाही म्हणून प्रयोग सोडू नका. काही गोठवा, वितळवल्यावर २४, ४८ आणि ७२ तासांनी किती पुन्हा फुगले, किती कवचाबाहेर आले ते पाहा. या आम्लाचा उपयोग तिथे जास्त दिसतो.