वॉर्ड सोडून 'एक्स्पर्ट' होता येत नाही

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी मनोरुग्ण परिचर्येत एम.एस्सी. नर्सिंग झालेली, काही वर्षांपासून टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या एका खासगी मनोरुग्णालयात आर.एन. (नोंदणीकृत नर्स) आहे. रात्रपाळ्यांना कंटाळली आहे. तिथल्या कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय की इस्पितळांवरच्या निष्काळजीपणाच्या दाव्यांत एक्स्पर्ट रिपोर्ट लागतो, तो नर्सही लिहू शकते, तेव्हा नोकरी सोड, एक महागडा ऑनलाइन कोर्स कर आणि घरी बसून रिपोर्ट लिही. वडील विचारतात, "सर, हे काम खरं आहे की नुसतं गाजर? तिने राजीनामा द्यावा का? आणि धाकटा पुण्यात एल.एल.बी. करतोय, त्याला आपल्याकडे यात काही वाव आहे का?"

नमस्कार,

काम खरं आहे, पण राजीनामा देऊ नये. दोन्ही उत्तरं टेक्सासच्या एकाच कायद्यातून येतात, म्हणून आधी तो कायदा सांगतो.

2003 साली टेक्सासने वैद्यकीय दाव्यांचा कायदा कडक केला. तिथले वकील त्याला 'चॅप्टर 74' म्हणतात. डॉक्टर किंवा इस्पितळावर दावा लावला आणि समोरच्याने कोर्टात आपलं उत्तर दाखल केलं, की त्या दिवसापासून 120 दिवसांत वादीने एक्स्पर्टचा लेखी रिपोर्ट त्याच्या बायोडेटासह समोरच्याला द्यायचा. प्रतिवादी तीन असतील तर तिघांचंही वागणं रिपोर्टात यायला हवं. रिपोर्ट दिलाच नाही आणि समोरच्याने अर्ज केला, तर दावा कायमचा निकाली निघतो आणि वर त्याच्या वकिलाची फीही वादीच्या गळ्यात पडते. न्यायाधीशाला तिथे दयामाया दाखवायची मुभा नाही. रिपोर्ट दिला पण कच्चा निघाला, तर तो सुधारायला कोर्ट एकदाच 30 दिवस देऊ शकतं. समोरच्यालाही हरकत 21 दिवसांत घ्यावी लागते, नाहीतर तो हक्क गेला.

रिपोर्टात तीन गोष्टी लागतात. अशा रुग्णाची काळजी कशी घ्यायला हवी होती, ती घेण्यात नेमकी कुठे चूक झाली, आणि त्या चुकीमुळेच इजा झाली हे कसं. अमेरिकन ट्रान्झिशनल केअर सेंटर्सच्या 2001 सालच्या निकालात टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रिपोर्टात सगळा पुरावा मांडायची गरज नाही, पण समोरच्याला आपल्या कोणत्या वागण्यावर बोट ठेवलंय हे कळलं पाहिजे आणि कोर्टाला दाव्यात दम आहे असं दिसलं पाहिजे. तेही रिपोर्टाच्या चार कोपऱ्यांतच. कागदावर नाही ते न्यायाधीश मनाने भरून घेत नाही. तो निकाल जुन्या कायद्याखालचा असला तरी आजही त्याचाच आधार घेतला जातो.

आता तुमच्या लेकीच्या कामाचं. तीनपैकी पहिल्या दोन गोष्टी, नर्सिंगपुरत्या, नर्स लिहू शकते. तिसरी नाही. चुकीमुळेच इजा झाली हे मत अशा दाव्यात फक्त डॉक्टरच देऊ शकतो. नर्सला तो अधिकार नाही, पीएच.डी. झालेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टलाही नाही. म्हणून मनोरुग्णालयावरच्या दाव्यात बहुधा दोन रिपोर्ट जोडीने जातात, एक नर्सचा आणि एक डॉक्टरचा. कायद्याला ते चालतं. पण तिने एकटीने घरी बसून रिपोर्ट लिहायचा आणि त्यावर दावा उभा राहायचा, असं होत नाही. हे तिला कोर्सवाल्यांनी सांगितलंय का, विचारून बघा.

राजीनाम्याचा प्रश्न इथेच सुटतो. नर्सच्या चुकीवर मत देणारी व्यक्ती त्याच प्रकारच्या सेवेत असली पाहिजे, एकतर साक्षीच्या वेळी, नाहीतर घटना घडली तेव्हा. शिवाय ती प्रत्यक्ष काम करते आहे का, तिच्याकडे मान्यताप्राप्त सर्टिफिकेट किंवा भरीव अनुभव आहे का, हेही न्यायाधीश बघतो. म्हणजे आज नोकरी सोडली तर जुन्या घटनांसाठी ती काही काळ चालेल. दावा लावायची मुदत साधारण दोन वर्षांची आहे. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या प्रकरणात समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, 'मॅडम, वॉर्डात शेवटची पाळी कधी केलीत?' मान्यताप्राप्त कॉलेजात त्याच विषयाचं शिकवणं कायदा सेवेत धरतो. रात्रपाळीच नको असेल तर तो रस्ता तिने जरूर बघावा. दिवसपाळी मागणं, बाह्यरुग्ण विभाग, अर्धवेळ नोकरी, हेही चालेल. सेवेशी नाळ तेवढी तुटू देऊ नये.

वॉर्डातला माणूसच का लागतो? मनोरुग्णालयातल्या दाव्यांचे विषय ठरावीक असतात. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका असलेल्या रुग्णावर नजर कमी पडली, एका रुग्णाने दुसऱ्यावर हल्ला केला, बांधून ठेवताना इजा झाली, घाईने डिस्चार्ज दिला. आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत कायदा बहुतेक चौकशी थांबवून ठेवतो. शपथेवर समोर बसवून प्रश्न विचारायचे तर सगळ्या वादींना मिळून फार तर दोनच साक्षी घेता येतात. एक्स्पर्टच्या हातात मुख्यतः केसपेपर असतात.

त्यात दर पंधरा मिनिटांच्या निरीक्षणाचा तक्ता असतो. तुमची लेक त्याला 'क्यू-फिफ्टीन' म्हणत असेल. बाहेरच्या माणसाला तो तक्ता पूर्ण भरलेला दिसतो आणि तो समाधान पावतो. वॉर्डात पाळ्या केलेली नर्स वेगळं बघते. रात्री 2 ते 6 सगळ्या नोंदी बरोब्बर 00, 15, 30, 45 ला कशा? वीस रुग्णांच्या फेरीत काही मिनिटं जातातच, प्रत्येकाची नोंद त्याच मिनिटाला होऊच शकत नाही. सगळीकडे 'झोपलेला', तोच हात, तीच शाई. आणि औषधांच्या तक्त्यावर 3.20 ला त्याच रुग्णाला झोप लागत नाही म्हणून गोळी दिल्याची नोंद. दोन कागद एकमेकांना खोटं पाडताहेत. यातून मुद्दाम खोट्या नोंदी केल्या असं लगेच म्हणता येत नाही, पण प्रश्न उभा राहतो, आणि रिपोर्टाला वजन अशा प्रश्नांनी येतं.

'इस्पितळाने योग्य देखरेख ठेवली नाही' असं लिहिलं तर ते कोर्टात टिकत नाही, तो नुसता निष्कर्ष झाला. 'रुग्णाला दाखल करताना धोक्याची पातळी वरची नोंदवली होती, डॉक्टरांचा आदेश पंधरा मिनिटांचा होता, 2.15 ते 3.30 एकही नोंद नाही, पाळीच्या प्रमुख नर्सने तक्ता तपासून फेरी घेणाऱ्या टेक्निशियनला जाब विचारायला हवा होता, तिने तो विचारल्याची नोंद नाही' असं लिहिलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. हे लिहायला लागणारं इंग्रजी तुमच्या लेकीला रोजच्या चार्टिंगने आलेलंच असणार.

कार्यकारणभावाचा भाग डॉक्टरचा असला तरी तो किती अवघड आहे हे तिला माहीत हवं. वेको शहरातल्या प्रॉव्हिडन्स हेल्थ सेंटरच्या प्रकरणात इमर्जन्सीतून घरी सोडलेल्या एका तरुणाने नंतर आत्महत्या केली. ज्युरीने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. 2008 मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने तो उलटवला. त्याला ठेवून घेतलं असतं तर हे टळलं असतं, हे पुराव्याने जोडलं गेलेलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. वाचताना जीव तुटतो, पण या क्षेत्रात यायचं तर असे निकाल थंड डोक्याने वाचावे लागतात.

आणखी एक गोष्ट तिच्या स्वतःच्या कामाची आहे. ह्यूस्टनच्याच वेस्ट ओक्स या मनोरुग्णालयातला एक कर्मचारी रुग्णाबरोबरच्या झटापटीत जखमी झाला आणि त्याने मालकावर दावा केला. 2012 मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हाही आरोग्यसेवेचाच दावा, कर्मचारी असलास तरी एक्स्पर्ट रिपोर्ट हवा. पुढच्या वर्षी सायकिअॅट्रिक सोल्यूशन्सच्या प्रकरणात रुग्णाला आवरताना जखमी झालेल्या नर्सबाबत तेच झालं. 2015 मध्ये, इस्पितळात नुसतं पाय घसरून पडण्यासारख्या दाव्यांना कोर्टाने यातून वगळलं, पण रुग्णाला हाताळताना झालेल्या इजेचा उपचाराशी संबंध उघडच असतो. टेक्सासमध्ये खासगी मालकाला वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कामावर झालेल्या इजेची भरपाई देणारा, विमा घेण्याची सक्ती नाही. तिच्या इस्पितळाने तो घेतलाय की नाही, हे तिने एच.आर.कडे आजच विचारावं. करिअरचा प्रश्न नंतर.

पैशाबद्दल भ्रम नको. त्याच 2003 च्या कायद्याने वेदना, मानसिक त्रास यांसारख्या नुकसानीच्या भरपाईला मर्यादा घातली. डॉक्टरांच्या बाजूने मिळून अडीच लाख डॉलर, एका इस्पितळाकडून अडीच लाख. बुडालेल्या पगाराला आणि उपचारखर्चाला ती मर्यादा नाही, पण मनोरुग्णालयातल्या पुष्कळ रुग्णांची कमाईच तुटपुंजी असते. वकील मग हिशेब करून मोजकीच प्रकरणं घेतात. सरकारी मनोरुग्णालय असेल तर सरकारला संरक्षण देणारा वेगळा कायदा आड येतो. थोडक्यात, हे जोडकाम म्हणून चांगलं आहे. पोटापाण्याचा एकमेव धंदा म्हणून पहिली काही वर्षं तरी मी याकडे बघणार नाही.

कोर्सचं म्हणाल तर साक्ष द्यायला कायदा कोणताही 'लीगल नर्स' कोर्स मागत नाही. त्यापेक्षा अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटरचं मनोरुग्ण परिचर्येचं सर्टिफिकेट तिने आधी घ्यावं. त्याला आर.एन. म्हणून दोन वर्षं पूर्णवेळ नोकरी, गेल्या तीन वर्षांत या शाखेत 2000 तास काम आणि 30 तासांचं शिक्षण लागतं. तिची नोकरी बघता ती पात्र असावी. न्यायाधीश सर्टिफिकेट बघतो ते हे. लीगल नर्स कन्सल्टंटचं एल.एन.सी.सी. सर्टिफिकेट वेगळं, ते वकिलांसाठी पडद्यामागे फाइली वाचणाऱ्या नर्सेसचं आहे. त्याला त्याच कामाचे 2000 तास आधी लागतात, म्हणजे सुरुवात करणाऱ्याला ते मिळतच नाही. आधी ओळखीच्या एखाद्या वकिलाकडून एक-दोन फाइली वाचायला घ्याव्यात, साक्षीची जबाबदारी न घेता. जमतंय का, आवडतंय का, तिथेच कळेल. कित्येक नर्सेसना सहकारी व्यवसायबंधूंच्या चुका लिहून काढणं मनाला लागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इस्पितळाच्या बाजूनेही एक्स्पर्ट लागतातच.

हे काम घेण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा. ती ग्रीन कार्डवर असेल तर जोडकामाला अडचण नाही. एच-1बी वर असेल तर ज्याने व्हिसा काढला त्याच्याखेरीज दुसऱ्याकडून एक डॉलरही घेऊ नये, इमिग्रेशनच्या वकिलाला आधी भेटावं. स्वतःच्या इस्पितळावरचं प्रकरण घेऊ नये, आणि तिथल्या कोणत्याही रुग्णाची माहिती उदाहरणादाखलही बाहेर काढू नये, रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा 'हिपा' कायदा त्याबाबत कडक आहे. बाहेरचं काम करायला मालकाची परवानगी लागते का, हे नोकरीच्या करारात पाहावं. फी तासावर ठरवावी. 'दावा जिंकला तर इतके टक्के' असं कुणी म्हणालं तर त्या वकिलाकडे फिरकू नये. साक्षीदाराला निकालावर अवलंबून पैसे देणं तिथल्या वकिलांच्या नियमांतच बसत नाही.

धाकट्याबद्दल. आपल्याकडे दावा लावतानाच असा रिपोर्ट देण्याची अट नाही. फौजदारीत मात्र 2005 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं विश्वासार्ह मत असल्याशिवाय डॉक्टरवरची खासगी तक्रार दाखल करून घेऊ नये. ग्राहक आयोगापुढे प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, हेही त्याच कोर्टाने 2010 मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या मुलासाठी खरं मोकळं रान मला दिसतं ते मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये, जो 29 मे 2018 पासून लागू आहे. रुग्णाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे, इतर बंधनांवर अटी आहेत, रुग्णाला स्वतःचे कागद मागण्याचा हक्क आहे आणि तक्रारीसाठी पुनर्विलोकन मंडळं आहेत. मन लावून हा कायदा वाचलेले वकील कमी भेटतात. शेवटच्या वर्षाला असेल तर येरवड्याच्या मनोरुग्णालयाशी संबंधित काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत किंवा वकिलाकडे त्याने इंटर्नशिप मागावी, आणि सुट्टीत बहिणीकडून क्यू-फिफ्टीनचा कोरा नमुना समजावून घ्यावा. कोरा, भरलेला नव्हे.

लेकीचा व्हिसाचा प्रकार आणि तिला आलेल्या कोर्सचं माहितीपत्रक पाठवलंत तर त्या कोर्सबद्दल वेगळं लिहीन.