वाचक विचारतात : टाकीतला गाळ आणि फिरता द्रव

तेलाच्या किंवा रसायनांच्या साठवण टाक्या आता बऱ्याच ठिकाणी पूर्वीप्रमाणे माणसं आत उतरवून, फावड्याने गाळ ओढून साफ केल्या जात नाहीत. टाकीच्या तळातला गाळमिश्रित द्रव पंपाने बाहेर ओढायचा, जाळी, सेटलिंग टाकी (जिथे गाळ आपोआप तळाशी बसतो), हायड्रोसायक्लोन किंवा नुसतं सायक्लोन (द्रव गरगर फिरवून गाळ बाजूला काढणारा शंकू) आणि डिकँटर (वेगाने फिरणाऱ्या ड्रमने गाळ वेगळा करणारं यंत्र) यांतून नेऊन त्यातला गाळ काढायचा आणि साफ झालेला द्रव गरम करून नोझलमधून पुन्हा त्याच टाकीत मारायचा, असा हा फेरा असतो. ही यंत्रणा चालवणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दोन नोझल सुरू केल्यावर पहिले दोन तास गाळ झपाट्याने निघतो. मग काम थंडावतं. धुण्याच्या पंपाचा दाब शेवटपर्यंत पूर्ण असतो. मोठे नोझल बसवावेत का?

मोठे नोझल बसवू नका. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून अडचण फवाऱ्याच्या बाजूला दिसत नाही, उपशाच्या आणि गाळ वेगळा करण्याच्या बाजूला दिसते.

पहिल्यांदा टाकीतली पातळी बघा. जितका द्रव नोझलमधून आत जातो तितका बाहेर निघत नसेल, तर तळाशी डबकं साचतं. फवारा मग गाळावर न आदळता डबक्यावर आदळतो आणि त्याचा जोर वरच्या वीतभर द्रवातच जिरतो. तेलवाहू जहाजांवर कच्च्या तेलानेच टाक्या धुतात. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तळ धुताना एकदम चालणाऱ्या सगळ्या नोझलांच्या एकूण प्रवाहाच्या १.२५ पट उपसा धरलेला आहे. जमिनीवरच्या टाकीसाठीही हाच आकडा धरा. आपले दोन नोझल प्रत्येकी ताशी २० घनमीटरचे असतील, तर उपसा ताशी किमान ५० घनमीटर हवा. हा प्रवाह पंपाच्या नामपट्टीवर वाचू नका, प्रत्यक्ष मोजा. सक्शनची, म्हणजे पंपाच्या ओढण्याच्या बाजूची गाळणी अर्धी तुंबली की नामपट्टीवरचा आकडा कागदावरच राहतो. गाळणीच्या दोन्ही बाजूंना दाबमापक बसवा आणि दोन्हींतला फरक दर अर्ध्या तासाला लिहून ठेवा.

पातळी ठीक असेल, तर धुण्याच्या पंपाच्या आधी नमुना घ्या. १०० मिलिलीटरच्या खुणा केलेल्या नळीत भरून छोट्या सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा आणि तळाशी बसलेला गाळ किती मिलिलीटर आहे ते वाचा. हे दर तासाला करा. आकडा चढत असेल, तर काढलेला गाळच आपण परत टाकीत मारत आहात. गाळाने जड आणि घट्ट झालेला द्रव नवीन गाळ उचलत नाही, वर नोझलचं तोंड झिजवतो ते वेगळंच. अशा वेळी एक नोझल बंद करा. ऐकायला उलटं वाटेल, पण प्रवाह निम्मा झाला की सेटलिंग टाकीला दुप्पट वेळ मिळतो, द्रव साफ परततो आणि दिवसअखेर बाहेर पडलेला गाळ जास्त भरतो. धुण्याचा वेग गाळ वेगळा करणारी यंत्रणा ठरवते.

प्रश्न : आमची सेटलिंग टाकी १२ घनमीटरची आहे. तरीही बारीक वाळू पुढे जाते. टाकी लहान पडते की काय?

सेटलिंग टाकीची कुवत घनफळापेक्षा पृष्ठभागावर जास्त अवलंबून असते. समजा टाकी ५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे, म्हणजे पृष्ठभाग १२ चौरस मीटर. ताशी ४० घनमीटर प्रवाह असेल, तर ४० भागिले १२, म्हणजे ताशी ३.३ मीटर, म्हणजेच सेकंदाला साधारण ०.९ मिलिमीटर. यापेक्षा हळू खाली बसणारा कण टाकीबाहेर वाहून जाणार.

आता हा वेग स्टोक्सच्या नियमात (द्रवात कण किती वेगाने खाली बसतो ते सांगणारं सूत्र) घालून बघा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाळूचा साधारण ३३ मायक्रॉनचा कण या वेगाने बसतो. हाच हिशेब पाण्याच्या दहापट चिकट तेलासाठी केला, तर मर्यादा १०० मायक्रॉनच्या आसपास जाते. म्हणजे पाणी घेऊन तपासताना टाकी उत्तम वाटते आणि तेल आलं की तीच टाकी निकामी ठरते. टाकी बदललेली नसते, बदललेली असते ती चिकटपणाची संख्या.

म्हणून टाकी वाढवण्याआधी तापमान वाढवा. पाण्याचा चिकटपणाच २० अंशांवरून ६० अंशांवर गेला की निम्म्याखाली येतो. मेणयुक्त तेलात तर फरक याहून कितीतरी मोठा असतो, कारण मेण वितळलं की द्रवाची वागणूकच बदलते. गरम करणारा हीट एक्स्चेंजर मात्र गाळ काढल्यानंतरच्या बाजूला असतो. त्यामुळे गरम द्रव टाकीत जाऊन, थंड गाळात मिसळून सेटलिंग टाकीत पोहोचेपर्यंत किती गरम उरतो ते मोजा. नोझलजवळ ६५ अंश आणि सेटलिंग टाकीत ३८ अंश असेल, तर हिशेबात ३८ धरायचे.

आणखी दोन गोष्टी बघा. आत येणारा प्रवाह सरळ बाहेरच्या वेअरकडे (ज्या कडेवरून द्रव बाहेर पडतो) धावतो का? तोंडाशी आडवा बॅफल (प्रवाह अडवणारी पाटी) नसेल, तर टाकीचा निम्मा भाग नुसता उभा राहतो. आणि तळाचा गाळ वेळेवर काढता का? ४ घनमीटर गाळ साचू दिला, तर द्रवाला १८ मिनिटांऐवजी १२ मिनिटंच मिळतात, शिवाय गाळाच्या थरावरून वाहणारा द्रव बसलेले कण पुन्हा उचलतो.

प्रश्न : हायड्रोसायक्लोनच्या खालच्या तोंडातून गाळ दोरीसारखा जाड पडतो. हे चांगलं लक्षण ना?

नाही. खालच्या तोंडातून छत्रीसारखा पसरट फवारा पडला पाहिजे आणि त्याच्या मधोमध हवेचा पोकळ गाभा राहिला पाहिजे. दोरी पडते याचा अर्थ खालचं तोंड गाळाने भरून गेलं आहे, हवेचा गाभा मोडला आहे आणि बाहेर न पडू शकलेला गाळ वरच्या तोंडातून साफ द्रवात मिसळत आहे. दोरी घट्ट आणि कोरडी दिसते म्हणून बघणाऱ्याला बरी वाटते, फसगत तिथेच होते. खालचं तोंड एका मापाने मोठं करा किंवा सायक्लोनकडे येणारा गाळ आधीच कमी करा. एकाच चौकटीत अनेक सायक्लोन असतील आणि एखाद्यातून काहीच पडत नसेल, तर ते तुंबलेलं आहे. त्याच्याकडे येणाऱ्या द्रवाचा व्हॉल्व्ह बंद करून साफ करा, नाहीतर त्यात आलेला गाळ वरच्या तोंडातून साफ द्रवात जातो. आत येणाऱ्या दाबाचा चढउतारही चालत नाही. सायक्लोन ज्या दाबासाठी निवडला, तो दाब स्थिर ठेवायचा.

प्रश्न : डिकँटर वारंवार टॉर्कवर (स्क्रू फिरवायला लागणारा जोर वाढून) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. ट्रिप होऊ नये म्हणून फरकाची गती वाढवली, तर निघणारा गाळ ओला येतो. मधला मार्ग कोणता?

डिकँटरमध्ये बाहेरचा ड्रम आणि आतला स्क्रू थोड्या वेगवेगळ्या गतीने फिरतात. या फरकानेच गाळ तोंडाकडे ढकलला जातो. फरक कमी ठेवला, तर गाळ आत जास्त वेळ दाबला जातो, कोरडा निघतो आणि टॉर्क चढतो. फरक वाढवला, तर टॉर्क उतरतो आणि गाळ ओला येतो. आपण दोन टोकांना ओढाताण करत आहात, पण तिसरी दोरी सोडून दिली आहे. ती म्हणजे आत येणारा गाळ, म्हणजेच फीड. टॉर्क ठरलेल्या मर्यादेच्या जवळ पोहोचला की आधी फीड कमी करा, फरकाला हात नंतर लावा. टाकीच्या कोपऱ्यातून फवाऱ्याने सुटलेला ढीग एकदम येतो तेव्हाच बहुतेक ट्रिप होतात. म्हणून सेटलिंग टाकी आणि डिकँटर यांच्यामध्ये ढवळणी असलेली छोटी फीड टाकी असावी. तिच्यामुळे येणारा माल एकसारखा राहतो.

वेअर प्लेटनेही (ड्रममधल्या द्रवाची खोली ठरवणाऱ्या पट्ट्या) काम होतं. आतलं तळं खोल ठेवलं, तर द्रव साफ निघतो आणि गाळ ओलसर राहतो. उथळ ठेवलं की उलट. प्लेट बदलायची तर सगळ्या एकाच मापाच्या हव्यात. एक जरी वेगळी बसली, तर ड्रम थरथरतो.

सुरू करताना ड्रम पूर्ण गतीला येऊ द्या, मग साफ गरम द्रव सोडा, कंपन आणि अँपिअर स्थिर झाल्यावरच फीड चालू करा. बंद करताना आधी फीड थांबवा, साफ द्रवाने धुवत राहा आणि टॉर्क रिकाम्या यंत्राच्या आकड्यावर उतरल्यावरच मोटर बंद करा. हे शेवटचे पंधरा मिनिटं वाचवण्याच्या नादात गाळ आत एका बाजूला घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करताच ते हादरायला लागतं. ट्रिप झालेल्या डिकँटरचं झाकण ड्रम पूर्ण थांबून वीज तोडून कुलूप लावल्याशिवाय उघडू नका. मोटर बंद झाल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो.

प्रश्न : तेल आणि पाणी यांच्यामध्ये लोण्यासारखा तपकिरी थर तयार होतो आणि तो वाढतच जातो. तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या रसायनाचं प्रमाण दुप्पट करूनही फरक नाही.

हा पाणी, तेल आणि बारीक गाळ यांचा घट्ट मिलाफ आहे. बारीक कण थेंबांच्या भोवती कवच करून बसतात, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. तो कुठे तयार होतो ते शोधा. उपशासाठी वेगाने फिरणारा सेंट्रीफ्यूगल पंप असेल, किंवा त्याच्या बाहेरचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून प्रवाह आवरत असाल, तर द्रव तिथेच घुसळला जातो. स्क्रू पंप किंवा लोब पंप लावा आणि प्रवाह व्हॉल्व्हने नव्हे, मोटरच्या गतीने कमी करा. स्क्रू पंपाबाबत एक सूचना : तो कोरडा चालला, तर रबराचा स्टेटर (स्क्रूभोवतीचा स्थिर भाग) थोड्याच मिनिटांत जळतो. टाकी तळाला आली की हे हमखास घडतं, म्हणून कोरडेपणा ओळखून पंप बंद करणारा स्विच बसवाच.

रसायनाचं प्रमाण अंदाजाने दुप्पट करणं चुकीचं आहे. जास्त झालेलं रसायन कधीकधी मिलाफ आणखी पक्का करतं. चार बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलीटर नमुना घ्या. रसायन त्याला चालणाऱ्या द्रावकात १० टक्के करून घ्या. त्यातलं ०.१ मिलिलीटर टाकलं की साधारण १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) होतं. एक बाटली कोरी ठेवा आणि बाकीच्या तिघींत १००, २०० आणि ५०० पीपीएम घाला. सगळ्या सारख्याच हलवून ६० अंशांच्या पाण्यात ठेवा. १०, ३० आणि ६० मिनिटांनी तळाशी किती पाणी सुटलं ते वाचा. ज्या बाटलीनंतर सुधारणा थांबते, तेच प्रमाण. गाळाचा रंग किंवा पोत बदलला की चाचणी पुन्हा करा.

साचलेला थर पुन्हा मुख्य फेऱ्यात सोडू नका. वेगळ्या टाकीत काढा, गरम करा आणि डिकँटरवर एकटाच चालवा.

प्रश्न : १५० मिलिमीटरचा होज वापरूनही आत गाळ बसतो.

होज मोठा आहे म्हणूनच बसतो. ताशी ४० घनमीटर प्रवाह १५० मिलिमीटरच्या होजमध्ये सेकंदाला जेमतेम ०.६ मीटरने जातो. १०० मिलिमीटरमध्ये तोच प्रवाह १.४ मीटरने जातो आणि वाळू वाहती ठेवायला साधारण इतका वेग लागतो. पंपाच्या बाहेरच्या बाजूला १०० चा लावा. सक्शनच्या बाजूला मात्र बारीक होजने पंपाला ओढायला जड जातं, गरम द्रवात तर जास्तच. तिथे होज आखूड ठेवा, पंप मॅनहोलजवळ आणा आणि मध्ये कुठेही वर उचललेला बाक राहू देऊ नका. पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज आला, तर तो गाळाचा नसतो, सक्शन कमी पडत असल्याचा असतो.

प्रश्न : धुताना टाकीत नायट्रोजन सोडतो. गॅसमापकावर ज्वलनशील वायू शून्य दिसतो. मग माणूस आत पाठवायला हरकत आहे का?

मोठी हरकत आहे. नेहमीच्या गॅसमापकातला तापलेला छोटा मणी वायू जाळून मोजतो आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत तो खोटा शून्य दाखवतो. तिथे अवरक्त किरणांवर चालणारं मापक वापरा. आणि ऑक्सिजन नसलेल्या टाकीत गेलेला माणूस दोन-चार श्वासांत बेशुद्ध पडतो, हे त्या शून्यापेक्षा महत्त्वाचं.

आत जाण्याआधी टाकी हवेने धुऊन घ्यायची. मग याच क्रमाने मोजायचं : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि मग हायड्रोजन सल्फाइड. मोजमाप तळाशी, मध्ये आणि वर, तिन्ही ठिकाणी. गाळ हलवला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून मापक अंगावर सतत चालू हवं. १०० पीपीएमच्या आसपास नाकाची जाणीवच जाते, तेव्हा वासावर विसंबायचं नाही. बाहेर एक जण फक्त लक्ष ठेवायला, दुसरं काम त्याच्याकडे नाही.

धुणं चालू असताना मात्र नायट्रोजन बंद करू नका. डिसेंबर १९६९ मध्ये मार्पेसा, मॅक्ट्रा आणि काँग हाकोन सातवा या तीन प्रचंड तेलवाहू जहाजांत रिकाम्या टाक्या पाण्याच्या फवाऱ्यांनी धुताना स्फोट झाले. मार्पेसा बुडालं. फवाऱ्यातून उडणाऱ्या तुषारांत स्थिर वीज साठते, हे त्यानंतरच्या तपासातून पुढे आलं. जहाजांवर आता टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांखाली ठेवून मगच तेलाने धुतात. कोरड्या तेलापेक्षा पाणी मिसळलेल्या तेलात वीज जास्त साठते. म्हणूनच धुण्यासाठी घेतलेल्या तेलाचा तळाचा भाग आधी काढून टाकतात, आणि म्हणूनच आपल्या फेऱ्यातही सेटलिंग टाकीच्या तळाचं पाणी नोझलपर्यंत पोहोचता कामा नये. नोझल, होजच्या आतली तार, पंप आणि टाकी हे सगळं एकमेकांना जोडून त्यांचा रोध १० ओहमच्या आत आहे का, ते प्रत्येक जोडणीनंतर मोजा.

प्रश्न : काढलेला गाळ उघड्यावर ठेवला तर त्यातून धूर का येतो?

गंधकयुक्त तेलाच्या टाकीच्या गंजात आयर्न सल्फाइड असतं. ते कोरडं पडून त्याला हवा लागली की आपोआप तापतं आणि पेटू शकतं. डिकँटरमधून जितका कोरडा गाळ निघेल तितकी ही शक्यता वाढते. डबे झाकून ठेवा, गाळ पाण्याने ओला ठेवा आणि टाकी हवेने धुताना तिच्या भिंतीही भिजत ठेवा.